वाचकांचे प्रश्न : बाळंतपणानंतर व्यायामाकडे परतताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळी ज्यांचा रक्तदाब वाढला होता, ज्यांना मोठा रक्तस्राव झाला होता किंवा ज्यांना खोलवर टाके घालावे लागले होते, त्यांनी येथील कोणतीही गोष्ट सुरू करण्यापूर्वी आपल्या प्रसूतितज्ज्ञांशी बोलून घ्यावे.

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून घोडबंदर रोडला राहते. सिझेरियन होऊन साडेचार महिने झाले. त्यापूर्वी मी आठवड्यातून चार दिवस कचराळी तलावाभोवती धावत असे आणि रविवारी येऊरचा चढही करत असे. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी ‘आता सगळे करायला हरकत नाही’ असे सांगितले. परंतु धावायला गेले की टाक्यांच्या वर ओढ बसते आणि त्वचेचा तेवढा भाग अजून बधिर आहे. पोट कमी व्हावे म्हणून क्रंचेस सुरू केले, तर उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा दिसतो. दीड महिन्याने रजा संपून लोकलचा प्रवास सुरू होईल. त्याआधी धावणे पूर्ववत व्हावे अशी इच्छा आहे.

उत्तर : सहा आठवड्यांच्या तपासणीत गर्भाशय आकुंचन पावून मूळ आकाराला आले आहे का, रक्तस्राव थांबला आहे का आणि टाके भरले आहेत का, एवढे प्रामुख्याने पाहिले जाते. पोटाच्या आणि कटिभागाच्या स्नायूंत किती ताकद परतली आहे, याची परीक्षा त्या दहा मिनिटांत बहुधा होत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या ‘हरकत नाही’चा अर्थ ‘आता तयारीला लागा’ असा घ्यावा. ‘तयारी झाली आहे’ असा घेऊ नये.

सिझेरियनमध्ये पोटाचे उभे स्नायू सहसा कापले जात नाहीत, ते बाजूला सारले जातात. पण त्यांच्यावरचे जाड, चिवट आवरण मात्र कापून पुन्हा शिवावे लागते. या आवरणाची ताकद सहा आठवड्यांत मूळच्या निम्म्याहून थोडी अधिक परतते आणि ती मूळ पातळीच्या जवळ यायला सहा ते सात महिने लागतात. साडेचार महिन्यांनी, तेही मधल्या काळात त्या भागाला पद्धतशीर व्यायाम मिळालेला नसताना, धावण्याच्या धक्क्याने ओढ बसावी यात आश्चर्य नाही. बधिरपणा त्वचेतील बारीक नसा कापल्या गेल्यामुळे आलेला असतो. तो कित्येक महिने राहतो, काही जणींत थोडासा कायमही राहतो, आणि व्यायामाच्या आड येत नाही. जखम पूर्ण भरलेली असल्याने तुम्ही व्रणावर आणि त्याच्या आजूबाजूला बोटाने हलके खोबरेल तेल चोळायला हरकत नाही. आतले थर एकमेकांना चिकटून बसल्यासारखी वाटणारी ओढ त्याने बरीच सैल पडते.

मधोमध दिसणारा उंचवटा हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वाढत्या गर्भाला जागा देताना पोटाचे डावे-उजवे उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी ताणून पातळ होते. हे जवळजवळ प्रत्येक गरोदर स्त्रीत घडते, फक्त पूर्ववत होण्याचा वेग निराळा असतो. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, बोटे बेंबीवर आडवी ठेवा आणि डोके किंचित उचला. दोन्ही स्नायूंच्या कडांमध्ये किती बोटे मावतात ते कळेल. दोन बोटांहून अधिक अंतर असेल, किंवा अंतर कमी असूनही बोटे मऊ मातीत रुतल्यासारखी आत जात असतील, तर ती पट्टी अजून ताण घेऊ शकत नाही. अशा वेळी क्रंचेस केले की पोटातला दाब नेमका त्या कमकुवत जागेतून बाहेर येऊ पाहतो, आणि तोच तुम्हाला उंचवट्याच्या रूपाने दिसतो आहे. तेव्हा क्रंचेस तूर्त थांबवा. सरळ प्लँक, नौकासन आणि दोन्ही पाय एकदम उचलण्याचे प्रकारही बाजूला ठेवा.

त्याऐवजी सुरुवात श्वासापासून करायची आहे. श्वास सोडताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, ज्यांना फिजिओथेरपिस्ट पेल्विक फ्लोअर म्हणतात, वर ओढून घ्यायचे आणि त्याबरोबर बेंबीखालचे पोट हलकेच आत घ्यायचे. श्वास घेताना सारे सैल सोडायचे. हे जमले की झोपलेल्या स्थितीत एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करणे, मग सेतुबंधासन, मग मार्जारासनाच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवणे, आणि त्यानंतर खुर्चीवरून हात न टेकता उठणे, उठाबशा आणि टाचा उचलणे, अशा क्रमाने पुढे जावे. कोणत्याही हालचालीत उंचवटा दिसला किंवा श्वास रोखावा लागला, तर ती हालचाल आज तुमच्यासाठी नाही, एवढा एकच नियम पाळावा. दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावानंतरही अंतर तसेच राहिले किंवा बेंबीपाशी फुगवटा कायम दिसू लागला, तर हर्नियाची शंका दूर करण्यासाठी डॉक्टरांना दाखवावे.

आता धावण्याविषयी. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर धावण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना मांडल्या. त्यांच्या मते तीन महिन्यांच्या आत कोणीच धावू नये, आणि त्यानंतरही काही हालचाली वेदना, जडपणा किंवा लघवी न गळता करता आल्या तरच सुरुवात करावी : सलग ३० मिनिटे चालणे, एका पायावर १० सेकंद तोल सांभाळणे, प्रत्येक पायावर १० अर्ध्या उठाबशा, जागच्या जागी एक मिनिट हलके धावणे, पुढे १० झेपा आणि प्रत्येक पायावर १० लंगडी उड्या. ही यादी घरच्या घरी करून पाहा. ती निर्वेध पार पडली तर कचराळीच्या सपाट वाटेवर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे करा, आणि दुसऱ्या दिवशी शरीर काय सांगते ते पाहूनच पुढचे ठरवा. आधी वेळ वाढवावा, वेग नंतर. येऊर शेवटी ठेवावे. चढापेक्षाही उताराचा धक्का सांध्यांना आणि ओटीपोटाला जास्त बसतो, आणि स्तनपान चालू असेपर्यंत सांधे काहीसे सैल राहू शकतात.

रजा संपण्याची तारीख आणि धावणे पूर्ववत होण्याची तारीख एकच असावी हा हट्ट मात्र सोडा. ठाणे स्टेशनच्या पुलाचे जिने चढणे आणि गर्दीच्या वेळी उभ्याने प्रवास करणे हा पहिल्या काही आठवड्यांत शरीराला व्यायामाइतकाच भार असतो. तो हिशेबात धरून त्या काळात धावण्याचे दिवस वाढवण्याऐवजी कमीच ठेवावेत.

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. सून सुखरूप बाळंत होऊन पंधरा दिवस झाले; प्रसूती नॉर्मल आहे. तिला आतापासूनच ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ला फेऱ्या मारायला जायचे आहे. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. शिवाय ती पोट बांधून घ्यायलाही तयार नाही. चूक कोणाची?

उत्तर : काकू, सव्वा महिन्याच्या विश्रांतीला आधार आहे. गर्भाशय पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात, अंगावरून जाणेही चार ते सहा आठवडे चालू राहते, आणि या काळात सुनेला स्वयंपाक, धुणी आणि पाहुणे यांतून मोकळीक मिळते, हे त्या रूढीचे सर्वांत मोठे मोल आहे. परंतु विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळून राहणे नव्हे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि सतत पडून राहिल्याने पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून तर रुग्णालयात लवकरात लवकर उठवून चालवतात. घरात चालणे पहिल्या दिवसापासून चालावे. पंधरा दिवसांनी, तिला बरे वाटत असेल तर, सकाळी गर्दी नसताना दहा-पंधरा मिनिटे सपाट वाटेवर सावकाश चालून येण्यास हरकत नाही, आणि तेवढा वेळ नातवंडाला तुम्ही सांभाळलेत तर तिला याहून मोठी मदत नाही. फेऱ्यांची संख्या मात्र मोजायची नाही. तपकिरी झालेला स्राव चालून आल्यावर पुन्हा लाल आणि जास्त झाला, तर चालणे कमी करावे. तासाभरात पॅड भिजू लागले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पोट बांधण्याने पोटाला आधार मिळतो आणि विशेषतः सिझेरियननंतर खोकताना, उठताना बरे वाटते. त्याने चरबी कमी होत नाही. फार आवळून बांधल्यास पोटातला दाब खाली ढकलला जातो आणि नेमक्या प्रसूतीने सैल झालेल्या स्नायूंवर पडतो. सुनेला नको असेल तर आग्रह धरू नये. मालीश जरूर करावी. फक्त एकच पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटत असेल तर ती मुळीच चोळू नये, आधी डॉक्टरांना दाखवावी. फ्लॅटच्या बंद खोलीत शेगडी आणि धुरी मात्र नको. तो धूर बाळाच्या छातीला त्रासदायक आहे.

डिंकाच्या आणि आळिवाच्या लाडवांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी अधिक लागतात, त्यामुळे एखादा लाडू योग्यच आहे. पण बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळीची जागा लाडू घेऊ शकत नाही. चालताना धाप लागणाऱ्या अनेक बाळंतिणींत खरे कारण रक्त कमी असणे हेच निघते.

प्रश्न : माझे दुसरे बाळंतपण होऊन अकरा महिने झाले. खारघरला आमच्या सोसायटीत झुंबाचा वर्ग असतो. उड्या मारताना, शिंकतानाही लघवी गळते, म्हणून पॅड लावून जाते. मैत्रिणी म्हणतात, दोन मुलांनंतर हे चालायचेच. संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखे जड वाटते. कोणाला सांगायला संकोच वाटतो.

उत्तर : हे अनेकींना होते एवढे खरे, चालायचेच असे मात्र नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू प्रसूतीत खूप ताणले जातात आणि त्यांना पुन्हा बळ द्यावे लागते. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने यासाठीचे व्यायाम १९४८ मध्ये मांडले, आणि आजही लघवी गळण्यावरचा पहिला उपचार तोच आहे.

वायू रोखताना जसे आवळतो तसे आतून वर ओढून घ्यायचे. मांड्या, नितंब आणि श्वास यांना त्यात भाग घेऊ द्यायचा नाही, आणि इथेच बहुतेकींचे चुकते. सुरुवातीला तीन-चार सेकंद, पुढे दहा सेकंदांपर्यंत धरावे, तेवढाच वेळ सैल सोडावे; असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. शिंक येण्यापूर्वी आणि मूल उचलण्यापूर्वी एकदा आवळून घेण्याची सवय लावा. लघवी करताना मध्येच धार अडवून हा सराव करू नये. पाणी कमी पिणे हाही उपाय नाही. लघवी घट्ट झाली की मूत्राशय अधिकच चुळबुळ करते. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी दूर करा, कारण रोजचे कुंथणे या स्नायूंचे सारे कमावलेले घालवते.

संध्याकाळी जाणवणाऱ्या जडपणाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. अंग खाली येण्याची ही सुरुवात असू शकते, आणि ते केवळ तपासणीनेच कळते. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याची विनंती करा. व्यायाम नीट होतो आहे की नाही हे तेच सांगू शकतात. तोवर झुंबा बंद करण्याचे कारण नाही, उड्यांच्या जागी दोन्ही पाय एकदम न उचलता पावले टाकावीत.

प्रश्न : व्यायामाने दूध आटते किंवा आंबट होते का? बाळ तीन महिन्यांचे आहे. (ऐरोली)

उत्तर : नाही. मध्यम व्यायामाने दुधाचे प्रमाणही घटत नाही आणि बाळाची वाढही अडत नाही. बाहेर पडण्यापूर्वी बाळाला पाजून घ्यावे, घट्ट आधार देणारी ब्रा वापरावी आणि पाणी प्यावे. दुधाची खरी काळजी उपाशी राहून वजन उतरवू पाहणाऱ्यांनी करावी; आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : पत्नी बाळंत होऊन दोन महिने झाले. ती सारखी रडते, बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही, कशातच रस नाही. मित्र म्हणतो, तिला व्यायामाला लाव. मी कोणता व्यायाम सांगावा? (कळवा)

उत्तर : पहिल्या दोन आठवड्यांत मन हळवे होणे नेहमीचे आहे, दोन महिन्यांनंतरही असे चालू असेल तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असण्याची शक्यता आहे आणि त्याला उपचारांची गरज आहे. व्यायामाने सौम्य लक्षणे कमी होतात, पण तो उपचारांच्या सोबतीने करायचा असतो. ‘व्यायाम कर’ असे तिला सांगू नका. आज जे जमत नाही त्या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडेल. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या, आणि रात्रीची एक सलग झोप तिला मिळेल अशी घरात व्यवस्था लावा. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर चोवीस तास समुपदेशकांशी मराठीतूनही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार तिने बोलून दाखवला, तर तिला एकटे न सोडता त्याच क्षणी रुग्णालयात न्या. संध्याकाळी दोघांनी मिळून पंधरा मिनिटे खाली चालून येणे उपचार सुरू झाल्यानंतर, तिची तयारी असेल त्या दिवशी.