‘सिस्टर, मला काय झालंय?’

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. सोळा नंबरच्या पलंगावरचे ते बाबा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. जठराचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. मुलाने तुला व्हरांड्यात गाठून हात जोडले, ‘सिस्टर, बाबांना काही कळता कामा नये.’ आणि त्याच रात्री गोळ्या देताना बाबांनी तुझं मनगट धरलं, ‘पोरी, खरं सांग, मला काय झालंय?’ तू म्हणालीस, ‘अल्सर आहे बाबा, आठवड्याभरात घरी जाल.’ मग रविवारी प्रभुभोजनाला तुला पुढे जाववेना. मैत्रीण म्हणते, सुइणी खोटं बोलल्या, राहाब खोटं बोलली, देवाने त्यांचं भलंच केलं, तू कशाला जिवाला लावून घेतेस? आणि तू मला विचारतेस, बाई, ख्रिस्ती माणसाला खोटं बोलणं कधी तरी चालतं का?

माझं मत आधीच सांगून टाकते. कुणाचा जीव घ्यायला दाराशी आलेल्या माणसाला मी खोटं सांगेन, आणि नंतर देवापुढे मान खाली घालून उभी राहीन. आजारी माणसाला त्याच्याच आजाराबद्दल खोटं सांगणं मात्र मला मान्य नाही. मी ते एकदा केलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी सुइणींचं. शिप्रा आणि पुवा या आपल्याच पेशातल्या बायका, बायबलात नावानिशी आलेल्या. इजिप्तच्या फारो राजाने हुकूम दिला की इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका. त्यांनी मारलं नाही. जाब विचारल्यावर म्हणाल्या, इब्री बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत त्या मोकळ्या होतात. निर्गमच्या पहिल्या अध्यायात देवाने त्यांचं कल्याण केलं असं आहे, आणि का केलं तेही लिहिलंय: त्या देवाला भ्यायल्या म्हणून. यरीहोच्या राहाबचंही तसंच पाहा. तिने इस्राएली हेरांना लपवलं आणि राजाच्या माणसांना सांगितलं की ते निघून गेले. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तिची वाखाणणी आहे ती हेरांना घरात घेतल्याबद्दल. याकोबही आपल्या पत्रात तिने त्यांना आश्रय दिला आणि दुसऱ्या वाटेने लावून दिलं एवढंच सांगतो. राजाच्या माणसांना ती जे बोलली त्याबद्दल दोघेही गप्प आहेत. त्या गप्प राहण्यावरून मंडळीत दीड हजार वर्षं वाद चालू आहे.

ऑगस्टीन या आफ्रिकेतल्या जुन्या बिशपने या एका विषयावर दोन ग्रंथ लिहिले, एक इ.स. 395 च्या सुमाराला, दुसरा 420 च्या. त्याचं म्हणणं कडक: देवाने त्या बायकांच्या दयेचं फळ दिलं, खोट्याचं नाही, खोटं कोणत्याही कारणाने बोललं तरी ते पापच. त्याच सुमाराचा कॅसियन इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंमध्ये राहून आलेला. त्याच्या लेखनात एक साधू म्हणतो, खोटं हे विषारी मुळीसारखं आहे. जीवघेण्या आजारात दिली तर औषध, धडधाकट माणसाला दिली तर मरण. मला हे वाचलं की वॉर्डातलं मॉर्फिनचं कपाट आठवतं. कुलूप, रजिस्टर, सही, एकेका ॲम्प्यूलचा हिशोब. कॅसियनचं म्हणणं मी मानते, पण कुलपासकट मानते. ‘भल्यासाठी चालतं’ असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा ते कपाट सताड उघडं ठेवतात.

ऑगस्टीनला तू निष्ठुर समजू नकोस. त्या दुसऱ्या ग्रंथात त्याने नेमका तुझाच प्रश्न घेतला आहे. एक माणूस अंथरुणाला खिळलाय, आज जातो की उद्या अशी अवस्था. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे, आणि त्याला ते माहीत नाही. तो तुला विचारतो, माझा मुलगा आहे ना? ऑगस्टीन म्हणतो, उत्तरं तीनच: ‘आहे’, ‘गेला’ आणि ‘मला माहीत नाही’. त्यातली दोन खोटी, आणि उरलेलं एक त्याचा जीव घेईल. आपल्यालाही हे फार हलवून टाकतं असं तो कबूल करतो. तरीही ‘आहे’ म्हणायला तो तयार होत नाही.

आता माझं ऐक. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एसटीच्या अपघातातल्या पाच-सहा केसेस रात्री आल्या. त्यात एक बाई, मांडीचं हाड मोडलेलं, बरगड्यांना मार. तिचा नऊ वर्षांचा मुलगा टेबलावरच गेला. शुद्धीवर आल्या आल्या तिने विचारलं, ‘माझा पोरगा कुठं हाय?’ नवरा बाजूला उभा, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. मी म्हणाले, ‘मुलांच्या वॉर्डात आहे, झोपलाय.’ मला कुणी सांगितलं नव्हतं. सुचलं ते बोलले, आणि त्या क्षणी ते दयेचं काम वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला उकडलेलं अंडं मिळालं. तिने ते खाल्लं नाही. सोलून, मीठ लावून, कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. ‘त्याला न्या, बाई. त्याला अंडं आवडतं.’ मी ते घेतलं. काय करणार होते? स्टोअरमध्ये जाऊन टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. दुपारी तिने विचारलं, खाल्लं का? मी म्हटलं, खाल्लं. संध्याकाळी अर्धा ग्लास दूध. तिसऱ्या दिवशी परत अंडं. तोवर मुलाची माती होऊन गेली होती, तिच्यावाचून.

चौथ्या दिवशी तिच्या भावाने तिला सांगितलं. मी ड्युटीवर होते. ती ओरडली नाही. माझ्याकडे वळली आणि इतकंच म्हणाली, ‘मग अंडं कुणी खाल्लं?’

तिचे टाके निघेपर्यंत मी तिच्या पलंगाशी जात होते. तिने माझ्या हातून गोळी घेतली, इंजेक्शन घेतलं, पण मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. ‘दुखेल का?’ एवढासुद्धा नाही. खोट्याने काय होतं ते मला शास्त्रपाठात कळलं नव्हतं. त्या गप्प बाईने शिकवलं.

तेव्हापासून शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला एकविसावा-बाविसावा अध्याय मला वेगळा दिसतो. दावीद शौल राजापासून पळतोय. नोब गावात अहीमलेख याजकाकडे येतो आणि थाप मारतो: राजाने गुप्त कामावर पाठवलंय. याजक बिचारा भाकर देतो, गल्याथाची तलवार देतो. शौलाचा चाकर दवेग अदोमी ते बघतो, चुगली करतो, आणि शौल एका दिवसात 85 याजकांना मारवतो. गावातली बायकापोरंही जातात. दावीद नंतर अहीमलेखाच्या वाचलेल्या मुलाला म्हणतो, तुझ्या बापाच्या घराण्यातल्या साऱ्यांच्या मरणाला मी कारण झालो. लोक म्हणतील, जीव वाचवायला खोटं बोलला, चुकलं काय? मला जे खुपतं ते असं की अहीमलेखाला खरं कळलं असतं तर काय करायचं ते त्याने ठरवलं असतं. कदाचित दार लावलं असतं, कदाचित जाणूनबुजून धोका पत्करला असता, कदाचित घरच्यांना घेऊन पळाला असता. दावीदाने ते ठरवणं त्याच्या हातातून काढून घेतलं.

खोटं पहिल्यांदा हेच करतं. राहाबनेही राजाच्या शिपायांच्या हातातून निर्णय काढून घेतला, पण तो दुसऱ्याला मारण्याचा होता, त्यांचा नव्हताच. सोळा नंबरच्या बाबांचं मरण मात्र त्यांचं स्वतःचं आहे. जमिनीची वाटणी, धाकट्या भावाशी धरलेला अबोला, कुणाची मागायची माफी, कुणाला द्यायची माफी, पाळकांना बोलवायचं की नाही, शेवटचे दिवस हॉस्पिटलात की ओसरीवर, हे सगळं त्यांच्या हातातलं. ‘अल्सर आहे’ म्हणून आपण ते सगळं उचलून नेतो. आणि राहाब पकडली गेली असती तर मान तिची गेली असती. बाबांना खोटं सांगून आपलं काय जातं? उलट अवघड पाव तास वाचतो. ज्या खोट्याने सोय आपली होते ते राहाबच्या नावावर घालू नये.

आपल्या प्रोटेस्टंट पंथाच्या मार्टिन ल्यूथरचंही सांगायला हवं, लपवून काय करायचं? हेसे या जर्मन संस्थानाच्या फिलिप या अधिपतीने 1540 साली पहिली बायको असताना गुपचूप दुसरं लग्न केलं, ल्यूथरच्या संमतीने. ते फुटलं तेव्हा साफ नाकबूल करा, चांगल्या कामासाठी आणि मंडळीसाठी एक सणसणीत खोटं बोललं तर बिघडलं कुठे, असा त्याचा सल्ला होता. मी ल्यूथरला फार मानते. पण ते खोटं कुणाचा जीव वाचवायला नव्हतं. अब्रू वाचवायला होतं. एवढा मोठा माणूस जिथे घसरला तिथे आपण दहादा पाहून पाय टाकावा.

आता दुसरी बाजू. खरं बोलायचं म्हणजे विचारेल त्याला सगळं सांगायचं असं नाही. बोनहोफर हा जर्मन पाळक हिटलरच्या तुरुंगात होता, 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. तुरुंगात त्याने यावर लिहायला घेतलं होतं. त्यात एक शाळकरी मुलगा आहे. गुरुजी भर वर्गात विचारतात, तुझा बाप दारू पिऊन घरी येतो ना? येतो, हे खरं आहे. मुलगा म्हणतो, नाही. बोनहोफर म्हणतो, दोष गुरुजींचा. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मागायचा त्यांना अधिकारच नव्हता. त्या मुलाला गप्प कसं राहावं हे येत नव्हतं, तुला यायला हवं. पेशंटला भेटायला आलेला शेजारी हळूच विचारतो, ‘एचआयव्ही आहे का हो?’ तिथे खरं सांगणं हाच गुन्हा. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर त्याला मनाई आहेच, दहा आज्ञांतल्या नवव्या आज्ञेच्या भावनेनेही आहे. ‘पेशंटबद्दल मी बोलत नाही’ एवढं म्हणायचं आणि कामाला लागायचं. ऑगस्टीनच्याच गावचा, थगास्तेचा बिशप फिर्मस याने एका माणसाला लपवलं होतं. बादशहाचे शिपाई आले तेव्हा तो म्हणाला, मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. छळ झाला, तरी दोन्हींवर टिकला. शेवटी बादशहानेच त्या माणसाला माफी दिली.

फक्त ‘नरो वा कुंजरो वा’ करू नकोस. शब्द खरे ठेवून समोरच्याला चकवणं मला उघड खोट्याहून वाईट वाटतं, कारण त्यात आपण देवालाही फसवायला बघतो.

आणखी एक. नवव्या आज्ञेत शब्द आहेत ते शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीचे. मूळ प्रसंग न्यायसभेचा. वॉर्डात आपली साक्ष म्हणजे केस पेपर. नाइटला पहाटे चार वाजता बीपी न घेता 120/80 लिहिणारी, टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास) चार्ट टेबलावर बसून भरणारी मुलगी तू पाहिली असशील. कदाचित एखाद्या रात्री तूही लिहिलं असशील. बाबांशी बोललेल्या वाक्यासाठी तू रडलीस, चांगलं झालं. पण मला विचारशील तर प्रभुभोजनाआधी त्या चार्टसाठीही थोडं थांबावं. सकाळी तुझ्याकडून ड्युटीचा ताबा घेणारी तुझ्या आकड्यावर विसंबून औषध देते.

आता बाबांचं काय करायचं ते. निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, तू एकटीने जाऊन सांगू नकोस. आधी मुलाला गाठ. त्याला दोष देऊ नकोस, तो वाईट नाही, घाबरलाय. त्याला कॅन्टीनमध्ये चहा पाज आणि विचार, बाबांना कळलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? तो बोलू लागला की तुला दिसेल, निम्मी भीती त्याची स्वतःची आहे. मग सांग, बाबा मला रात्री विचारतात आणि मी यापुढे खोटं सांगू शकणार नाही. तुम्ही सांगा, नाही तर डॉक्टरांबरोबर बसून सांगू. फिर्मसचं वाक्य असं बोलायचं असतं.

आणि बाबांनी त्याआधीच पुन्हा मनगट धरलं तर उभ्याने बोलू नकोस. स्टूल ओढ, बस. ‘बाबा, त्या रात्री मी नीट उत्तर दिलं नाही, मला माफ करा. तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?’ एवढं विचार आणि थांब. बहुतेकांना माहीत असतं. पुष्कळांना सगळं ऐकायचंही नसतं. कुणी म्हणतं, राहू दे पोरी, मुलालाच सांग. तेही त्यांनी ठरवलेलं असतं, त्याला मान द्यायचा. ऐकायचं असेल तर ‘सकाळच्या राउंडला मी डॉक्टरांना तुमच्याजवळ बसायला सांगते, मीही थांबते’ असं म्हण, आणि ड्युटी संपली तरी थांब. ऑगस्टीनच्या त्या तीन उत्तरांत हे स्टूल नव्हतं. त्या बाईच्या पलंगाशी मीही ते ओढलं नाही. ‘ताई, मी भावाला बोलावते आणि तुमच्याजवळ बसते’ एवढं म्हटलं असतं तर तिला कळायचं ते कळलंच असतं, पण निदान मुलाचं तोंड तरी बघायला मिळालं असतं.

बाबांची बहीण गावाहून निघाली आहे असं तू लिहिलंस. ती पोचली का ते कळव. आणि तुझी नाइट किती तारखेपर्यंत आहे तेही लिही, म्हणजे फोन कधी करायचा ते मला समजेल.

तुझी,
बाई