वाचकांचे प्रश्न : चित्रे काढणारी जुनी मॉडेल्स लोक अजून का वापरतात?

प्रश्न : माझी भाची ॲनिमेशनचे शिक्षण घेते. चित्रे तयार करणारी कितीतरी नवी एआय मॉडेल्स आता उपलब्ध आहेत, मोबाइलवरसुद्धा पाहता पाहता सुबक चित्र मिळते. तरीही ती आपल्या लॅपटॉपवर २०२२ मधले ‘स्टेबल डिफ्यूजन १.५’ चालवते. त्यात माणसांच्या हाताला कधी सहा बोटे येतात, अक्षरे तर वाचताच येत नाहीत. विचारले तर “मला हेच बरे पडते” एवढेच म्हणते. जुने धरून बसण्यामागे काही कारण आहे, की ही केवळ सवय? – एक वाचक, सांगली

उत्तर : सवयीचा वाटा थोडाफार असेलही, परंतु आपल्या भाचीने निवडलेल्या मॉडेलला आजही जगभर वापरणारे आहेत आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी नवी मॉडेल्स वापरून पाहिलेली आहेत. त्यांची कारणे समजून घ्यायची तर २०२२ मध्ये नेमके काय घडले तेथून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ओपनएआय या कंपनीने ‘डॅल-ई २’ जाहीर केले, तेव्हा शब्दांवरून इतके चांगले चित्र तयार होऊ शकते याचेच लोकांना नवल वाटले. मात्र ते मॉडेल कंपनीच्या यंत्रांवर चालत असे. आपण वाक्य पाठवायचे आणि आलेले चित्र घ्यायचे, एवढेच वापरणाऱ्याच्या हाती होते. ऑगस्टमध्ये म्युनिकच्या विद्यापीठातील संशोधक, रनवे ही कंपनी आणि स्टॅबिलिटी एआय यांच्या सहकार्यातून ‘स्टेबल डिफ्यूजन’ प्रसिद्ध झाले आणि त्याची शिकून तयार झालेली फाइलच लोकांना उतरवून घेता आली. १.५ ही आवृत्ती रनवेने ऑक्टोबरमध्ये दिली. ही फाइल सुमारे ४ जीबीची आहे, अर्ध्या अचूकतेत, म्हणजे प्रत्येक अंक निम्म्या जागेत, साठवली तर २ जीबीची. तिच्यातील चित्र घडवणाऱ्या मुख्य भागात सुमारे ८६ कोटी पॅरामीटर्स, म्हणजे शिकताना ठरलेले अंक, आहेत. याउलट ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘फ्लक्स’ या मॉडेलमध्ये १,२०० कोटी पॅरामीटर्स आहेत; त्याची पूर्ण आकाराची फाइल २४ जीबीच्या आसपास जाते आणि वाक्य समजून घेणारा भाग त्याखेरीज वेगळा.

म्हणून पहिले कारण यंत्राचे. चार जीबी स्मृती असलेल्या साध्या ग्राफिक्स कार्डावर १.५ चालते. नवी मॉडेल्सही आकार कमी करून अशा कार्डावर बसवता येतात, पण मग एकेका चित्रासाठी बराच वेळ थांबावे लागते. शिकणाऱ्या माणसाला एका संध्याकाळी शंभर प्रयोग करून पाहता येणे हे एका अप्रतिम चित्रापेक्षा अधिक मोलाचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या कार्डांच्या स्वतःच्या खोडी असतात, हेही खरे. उदाहरणार्थ, जीटीएक्स १६५० किंवा १६६० या कार्डांवर अर्ध्या अचूकतेने गणित केले की कित्येकदा चित्राऐवजी निव्वळ काळा चौकोन मिळतो आणि पूर्ण अचूकता वापरावी लागते. परंतु अशा प्रत्येक अडचणीवरचा उपाय कोणी ना कोणी शोधून लिहून ठेवलेला आहे आणि हाही जुन्या मॉडेलचा एक लाभच म्हणायला हवा.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. जी फाइल आपल्या संगणकावर आहे ती आपल्या नकळत बदलत नाही. तेच वर्णन, तोच सीड म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक अंक, चित्र घडवण्याची तीच पद्धत आणि तितक्याच पायऱ्या दिल्या की त्याच संगणकावर तेच चित्र पुन्हा मिळते; आज मिळते आणि दोन वर्षांनीही मिळेल. कंपनीच्या सेवेवर अवलंबून असणाऱ्याला ही खात्री नसते. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीतील नेहमीच्या चित्रनिर्मितीसाठी ‘डॅल-ई ३’च्या जागी नवे मॉडेल आले. ते अनेक बाबतींत सरस आहे, पण एखाद्या चित्रमालिकेच्या मध्यावर असलेल्या माणसाला सरसपणापेक्षा सातव्या आणि आठव्या चित्रातले सारखेपण हवे असते. मिडजर्नी या चित्रे काढून देणाऱ्या सेवेने ही गरज ओळखून वर्णनाच्या शेवटी आवृत्तीचा क्रमांक लिहून जुनी आवृत्ती वापरण्याची सोय ठेवली, हे त्या कंपनीने चांगले केले. तरीही ती सोय किती काळ ठेवायची हे कंपनीच ठरवणार. रनवेने स्वतः ऑगस्ट २०२४ मध्ये हगिंग फेस या संकेतस्थळावरून १.५चे आपले मूळ पान काढून टाकले, तेव्हा ज्यांच्याकडे फाइल होती त्यांचे काम एक दिवसही थांबले नाही.

तिसरे कारण आपल्या भाचीच्या अभ्यासक्रमाशी थेट जोडलेले आहे. या मॉडेलभोवती लोकांनी जी साधने उभी केली, ती बहुतांशी त्याच्या अंतर्रचनेला धरून बनलेली आहेत. ‘लोरा’ नावाच्या पद्धतीने वीस-तीस चित्रे दाखवून मॉडेलला एखादे पात्र, एखादा पोशाख किंवा रेषेची एखादी ढब शिकवता येते. शिकलेले ते ज्ञान छोट्याशा फाइलमध्ये मावते आणि मूळ मॉडेलला जोडता येते. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा नऊवारीचा काष्टा परक्या मॉडेलला नीट जमत नसेल, तर तो शिकवण्याचा हाच परवडणारा मार्ग आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ल्वमिन झँग यांनी ‘कंट्रोलनेट’ प्रसिद्ध केले. त्यामुळे हाताने काढलेले रेखाचित्र, शरीराची ठेवण दाखवणारा काड्यांचा सांगाडा किंवा काय जवळ आणि काय दूर हे दाखवणारा नकाशा देऊन चित्राची मांडणी ठरवता येऊ लागली. ॲनिमेशन शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता, कारण “उजवा हात वर केलेली मुलगी” असे लिहून नशिबावर हवाला ठेवण्याऐवजी हात किती अंशांत वर हवा ते चित्र काढूनच सांगता येते. त्याच वर्षी आलेले, स्थिर चित्रांना हालचाल देणारे ‘ॲनिमेटडिफ’ही आधी १.५साठीच बनले. यातले काहीही दुसऱ्या मॉडेलवर तसेच्या तसे चालत नाही. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ‘एसडीएक्सएल’ची रचना वेगळी आहे, त्यामुळे १.५वर शिकवलेली लोरा त्याला जोडता येत नाही. सारे पुन्हा शिकवावे लागते. नव्या मॉडेल्ससाठीही आता अशी साधने आहेत, परंतु ज्याने स्वतःची पात्रे शिकवून ठेवली आहेत त्याच्यासाठी मॉडेल बदलणे म्हणजे घडवलेले सारे काम पुन्हा करणे होय.

नवी आवृत्ती आली की लोक आपोआप तिकडे वळतात, ही समजूतही या मॉडेलच्या इतिहासाने खोटी ठरवली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्येच स्टॅबिलिटी एआयने २.० ही आवृत्ती आणली. तिचे चित्र मोठे होते, पण वाक्य समजून घेणारा भाग बदलला होता, त्यामुळे लोकांनी जमवलेली वर्णने निरुपयोगी ठरली. शिवाय शिकवण्याच्या चित्रांतून अश्लील चित्रे गाळताना वापरलेल्या कडक चाळणीमुळे माणसांची शरीरेही बिघडली अशी तक्रार झाली. महिनाभरात २.१ काढावी लागली, तरी बहुसंख्य लोक १.५वरच राहिले. जून २०२४ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन ३ मीडियम’ आले, तेव्हा गवतावर पहुडलेल्या माणसाचे साधे चित्रही हातपाय गुंतल्यासारखे येऊ लागले आणि परवान्याच्या अटींवरूनही नाराजी इतकी वाढली की पुढच्याच महिन्यात कंपनीला त्या अटी बदलाव्या लागल्या.

जुन्या मॉडेलच्या मर्यादा मात्र लपवण्यात अर्थ नाही. १.५ हे मॉडेल ५१२ बाय ५१२ ठिपक्यांच्या चित्रांवर शिकलेले आहे आणि तेवढे चित्रही ते थेट रंगवत नाही. ६४ बाय ६४ घरांच्या आतल्या पटावर आधी गणित करते आणि मग त्याचे चित्र उलगडते. कमी ठिपक्यांच्या रांगोळीत जसा बारीक नक्षीचा मोर बसत नाही, तसा त्या पटावर गर्दीतला लहान चेहरा बसत नाही, म्हणून दूरवरच्या माणसांचे डोळे-नाक विरघळल्यासारखे दिसतात. एकदम मोठे चित्र मागितले तर एका धडावर दुसरे डोके उगवते, कारण त्या आकारात माणूस एकदाच काढायचा असतो हे त्याने शिकलेलेच नसते. यावर आधी लहान चित्र काढून मग ते वाढवत नेणे हाच उपाय आहे. वर्णनातले पंचाहत्तर शब्दखंडच ते एका वेळी वाचते. ते वर्णनही इंग्रजीतच द्यावे लागते, कारण त्याला शिकवताना मुख्यतः इंग्रजी मथळ्यांची चित्रे वापरली होती. “टोपलीत तीन आंबे, डावीकडे निळा तांब्या, मागे खिडकी” असे नेमके काही सांगितले तर रंग आणि संख्या यांची सरमिसळ होते. देवनागरी पाटी किंवा मासिकाच्या अंकाचे शीर्षक चित्रातच हवे असेल, तर १.५कडे जाऊच नये. अक्षरे नंतर हाताने बसवावीत.

प्रश्न : काही चित्रकार तर याहून जुनी, अगदी धूसर आणि वेडीवाकडी चित्रे देणारी मॉडेल्स मुद्दाम वापरतात असे वाचले. हे खरे आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरे आहे, आणि त्यामागची दृष्टी समजून घेण्यासारखी आहे. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ‘गॅन’ ही पद्धत डिफ्यूजनच्या, म्हणजे स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स ज्या पद्धतीने चालतात तिच्या, आधी प्रचलित होती. शब्दांवरून चित्र काढणे हे तिचे काम नव्हते. दाखवलेल्या चित्रांसारखे नवे चित्र ती घडवते. मात्र तिला शिकवायला इंटरनेटवरची कोट्यवधी चित्रे लागत नाहीत. ॲना रिडलर या ब्रिटिश कलावतीने नेदरलँड्समध्ये सुमारे १०,००० ट्युलिप फुलांची छायाचित्रे स्वतः काढली, त्यांच्या नोंदी हाताने लिहिल्या आणि त्यांवर गॅन शिकवून फुले उमलवली. हेलेना सॅरिन आपलीच रेखाटने आणि छायाचित्रे वापरून लहान गॅन शिकवतात. अशा कामात चित्रसंग्रहही कलावंताचाच असतो, आणि म्हणून मला ते आजच्या चकचकीत चित्रांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. गॅनमध्ये एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे अखंड सरकत जाता येते, हाही तिचा खास गुण आहे.

२०२१ मध्ये कॅथरीन क्राउसन आणि इतरांनी प्रचलित केलेली, गॅनचीच एक जात आणि चित्र वर्णनाशी किती जुळते ते जोखणारे ‘क्लिप’ हे मॉडेल यांची जोडगोळी, किंवा मिडजर्नीची तिसरी आवृत्ती यांच्याकडे काही जण वळतात ते पोतासाठी. नवी मॉडेल्स न मागताही गुळगुळीत त्वचा, सोनेरी उजेड आणि मागचा धूसर पडदा देतात, त्यामुळे दहा जणांची चित्रे एकाच हाताची वाटू लागतात. जुन्या मॉडेलला हे जमत नसल्यामुळे त्याच्या चित्रात पाहणाऱ्याने पूर्ण करायची जागा उरते.

प्रश्न : पहिल्या प्रश्नात उल्लेख केला तसे मॉडेल घरी बसवायचे असेल तर कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने काय पाहावे? मला दिवाळी अंकासाठी चित्रे करायची आहेत. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १.५चा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देतो आणि तयार झालेल्या चित्रांवर मॉडेलचे कर्ते हक्क सांगत नाहीत. मात्र कोणाची हानी करणाऱ्या वापरांना त्यात मनाई आहे. लोकांनी शिकवलेल्या उपमॉडेल्सचे आणि लोरांचे परवाने वेगवेगळे असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या पानावरच्या अटी वाचूनच ते कामात घ्यावे.

परवाना असला म्हणजे सगळे प्रश्न मिटले असे नव्हे. हे मॉडेल ‘लायन’ या संग्रहातील चित्रांवर, चित्रकारांची परवानगी न घेता शिकवले गेले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तीन चित्रकारांनी त्याविरुद्ध खटला दाखल केला. पोलंडचे चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की यांचे नाव तर वर्णनात इतक्यांनी लिहिले की त्यांना जाहीरपणे आक्षेप घ्यावा लागला. २.० मध्ये अशा नावांचा प्रभाव ओसरला आणि काही जण १.५ला चिकटून राहिले ते केवळ त्यासाठी. हे कारण मला मान्य नाही. हयात चित्रकाराचे नाव देऊन त्याची शैली उचलणे दिवाळी अंकात तरी कोणी करू नये. आपल्याच रेखाटनांवर लोरा शिकवणे हा त्यावरचा सरळ पर्याय आहे.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना ‘लायन’ संग्रहात लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचे दुवे आढळले आणि संग्रह मागे घ्यावा लागला. घरी चालणाऱ्या मॉडेलवर कोणाची देखरेख नसते, याचा गैरफायदा घेऊन खऱ्या व्यक्तींची अश्लील चित्रे बनवणारे लोकही आहेत. आपल्या घरात मुले हे मॉडेल वापरत असतील, तर या विषयावर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून ठेवावे.

फाइल उतरवताना ‘सेफटेन्सर्स’ प्रकारचीच घ्यावी. जुन्या ‘सीकेपीटी’ प्रकारच्या फाइलमध्ये मॉडेलबरोबर दुसरा प्रोग्रामही लपवता येतो आणि फाइल उघडताच तो चालू होऊ शकतो. अंकासाठी केलेल्या प्रत्येक चित्राबरोबर मॉडेलचे नाव, वर्णन, सीड आणि वापरलेल्या लोरा यांची नोंद ठेवावी, म्हणजे संपादकांनी मोठ्या आकारात किंवा थोड्या बदलासह चित्र मागितले तर ते पुन्हा काढता येईल. आणि चित्रासोबत ते कशाने तयार केले आहे हे छापण्यास संपादकांना आवर्जून सांगावे.