वाचकांचे प्रश्न : वादळ गेले, वीज येत नाही आणि बाहेर कडाक्याची थंडी

वादळात तारा तुटल्या, खांब पडले की वीज यायला कधी एक रात्र लागते, कधी आठवडा. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले वारंवार विचारले गेलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जास्त जागा दिली आहे, कारण अशा दिवसांत जीव जातात ते बहुधा तिथेच.

प्रश्न : हीटर बंद असल्यामुळे रात्री कोळशाची शेगडी खोलीत ठेवून खिडकी बोटभर उघडी ठेवली तर चालेल का? निखारे नीट फुलले की धूर येत नाही, म्हणून विचारते.

उत्तर : नाही. खिडकी अर्धी उघडी ठेवली तरीही नाही. धूर दिसेनासा होतो, पण फुललेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते, त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तात साचत जातो. राखेने झाकलेले, विझत आलेले निखारेही पूर्ण गार होईपर्यंत तो सोडतात. म्हणून ‘झोपण्यापूर्वी राख टाकून ठेवली’ याने धोका टळत नाही. उलट झोपेत लक्षणे कळत नाहीत आणि माणूस उठतच नाही.

लक्षणे ओळखून ठेवा: ताप नसताना डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, अंगातले त्राण जाणे. घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी असे वाटू लागले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर दुसरे कारण शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, डोकी मोजा, रुग्णवाहिका बोलवा आणि वायूचा संशय आहे हे स्पष्ट सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूवाले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही तो 97-98 दाखवू शकतो.

स्वयंपाकाच्या गॅसवर खिडकी उघडून पाणी तापवणे, अन्न शिजवणे ठीक आहे. खोली ऊबदार करण्यासाठी बर्नर किंवा ओव्हन पेटवून ठेवणे ठीक नाही. थंडीच्या आधी एकच वस्तू विकत घेणार असाल तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या आणि झोपायच्या खोलीजवळ लावा.

प्रश्न : 2 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आणला आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमधून अख्ख्या घराला वीज देता येते असे कळले. मेन स्विच आठवणीने बंद ठेवला तर काय हरकत?

उत्तर : ही वायर करूच नका, केली असेल तर कापून टाका. आठवण एकदा चुकली की जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर जसा हजारो व्होल्टचे 230 करतो, तसाच उलट्या बाजूने 230 चे हजारो व्होल्टही करतो. खांबावर चढलेला लाइनमन तार मेलेली समजून हात घालतो, आणि तुमच्या घरातला स्विच त्याला दिसत नाही. शिवाय ती पिन सॉकेटमधून निसटली तर उघडे पितळी टोक जिवंत असते. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचाच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्यात दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणे यांत्रिकरीत्याच अशक्य असते. तोवर उपकरणे थेट जनरेटरच्या सॉकेटवर, एक्स्टेन्शन वायरने चालवा. ही वायर तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटरची आणि पूर्ण उलगडलेली असावी. गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या आत तापून प्लास्टिक वितळते. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते, आणि फ्रीजची मोटर घरघरते पण फिरत नाही.

जनरेटर घरापासून किमान 6 मीटर लांब ठेवा. त्याच्या धुराचे तोंड घराकडे किंवा खिडक्यांकडे नको. गॅरेज, बंद व्हरांडा, जिन्याखालची जागा, तळघर यांपैकी काहीही चालणार नाही, दार सताड उघडे असले तरी. कारण वर सांगितलेलाच वायू, आणि शेगडीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. पावसा-बर्फापासून वाचवायला वर छप्पर करा, चारही बाजू मोकळ्या राहू द्या.

आता त्यावर काय चालेल. फ्रीज चालताना 150 वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त. 2 केव्हीएला ते झेपते. 1 अश्वशक्तीचा पंप चालताना 1,000 वॅटच्या आसपास आणि सुरू होताना 3,000 वॅटच्या वर खेचतो, तिथे हा जनरेटर दबून बंद पडेल. आधी जड उपकरण सुरू करा, ते स्थिरावले की बाकीची. दिवसभर चालू ठेवण्याचीही गरज नाही. दिवसातून तीनदा दोन-दोन तास चालवला तर फ्रीजर गोठलेला राहतो आणि त्याच वेळात इन्व्हर्टरची बॅटरी भरते. कमी भारावर तासाला साधारण पाऊण लिटर धरले, तर दिवसाला साडेचार लिटर पेट्रोल पुरते.

पेट्रोल भरताना यंत्र बंद करून पंधरा मिनिटे थंड होऊ द्या. ऑइलची पातळी रोज बघा. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण 20 तासांनी बदलावे लागते, आणि सलग चार दिवस वीज नसली की हे तास बघता बघता भरतात. थंडीत सुरू होत नसेल तर चोक पूर्ण ओढा, दोनतीन झटक्यांनंतर इंजिन लागले की हळूहळू मागे घ्या. तरीही लागत नसेल आणि टाकीत गेल्या मोसमातले पेट्रोल असेल, तर दोष बहुतेक कार्ब्युरेटरमधल्या चिकट थराचा आहे. जुने पेट्रोल काढा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करून तिथलेही काढा, मग ताजे भरा.

प्रश्न : इन्व्हर्टरला 150 एएचची बॅटरी आहे. उन्हाळ्यात मिळतो त्यापेक्षा बॅकअप खूपच कमी मिळतो. बॅटरी खराब झाली का?

उत्तर : बहुधा नाही. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते. 0 अंशाला लेड-ॲसिड बॅटरी साधारण 80 टक्केच क्षमता देते. हिशेब मांडून पाहा. 150 एएच गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1,800 वॅट-तास. बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून 900. थंडीचा वाटा वजा केला की 720, इन्व्हर्टरमधली घट धरली की हाती 600 च्या थोडे वर. 9 वॅटचे तीन दिवे, 10 वॅटचा राउटर आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा 15 वॅटचा खप मिळून 52 वॅट, म्हणजे जेमतेम बारा तास.

तो 15 वॅटचा खप लोकांच्या लक्षात येत नाही. एकही दिवा न लावता इन्व्हर्टर चालू ठेवला तरी दिवसाला 360 वॅट-तास जातात. दिवसा तो बंदच ठेवा. जनरेटरवर चार्ज होत नसेल तर इन्व्हर्टरचे छोटे बटण ‘यूपीएस’वरून ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’वर न्या. यूपीएस मोडमध्ये जनरेटरचे हलते व्होल्टेज तो नाकारतो.

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत गारठ्यात सोडू नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे 50 अंशांपर्यंत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेलीतले जवळपास पाण्यासारखे झालेले असते. ते उणे 7-8 अंशांच्या सुमारास गोठून खोके फोडते. लिथियम बॅटरीचे पथ्य वेगळे: ती 0 अंशाखाली वापरता येते, चार्ज मात्र करायची नाही, आधी घरात आणून ऊब येऊ द्या. पॉवर बँकवरचा आकडाही असाच जपून वाचावा. 20,000 एमएएचमध्ये 74 वॅट-तास असतात. 5,000 एमएएचचा फोन त्यावर सुमारे तीन वेळाच भरतो. रात्री फोन आणि पॉवर बँक दोन्ही अंथरुणात घ्या.

प्रश्न : घरात आजी आणि आठ महिन्यांचे बाळ आहे. शेगडी नाही, हीटर नाही. मग ऊब आणायची कुठून?

उत्तर : माणसांकडूनच. स्वस्थ बसलेले माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकते. पाच जण एका लहान खोलीत म्हणजे अर्ध्या किलोवॅटचा हीटर, फक्त ती उष्णता पळता कामा नये. घरातली सर्वांत लहान, कमी खिडक्यांची, ऊन येणारी खोली निवडा. दाराच्या फटीत चादरीची वळकटी घाला, खिडकीवर जाड पांघरूण छताला लागून टांगा, ऊन असेल तेवढा वेळ ते बाजूला करा. जमिनीवर गादीखाली पुठ्ठा किंवा चटई हवीच. दबलेल्या गादीतून थंडी खालून चढते आणि वरच्या तीन रजयांचा उपयोग होत नाही. खोलीत छोटा तंबू उभारता आला, किंवा टेबलावर पांघरूण टाकून खाली झोपता आले, तर आणखी बरे.

एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे, आणि टोपी. घामाने किंवा पावसाने ओले झालेले ताबडतोब बदला. रबरी पिशवीत उकळते पाणी भरू नका. हात सोसवेल इतके गरम घ्या आणि पिशवी कापडात गुंडाळा. आजींना मधुमेह असेल तर पायाला चटका बसल्याचे कळणारही नाही, त्यांच्या पायाला पिशवी लागू देऊ नका. बाळाचे अंथरूण पिशवीने आधी तापवा, बाळाला ठेवताना ती काढून घ्या. बाळाला मोकळी रजई नको, तोंडावर येते. मोठ्यांपेक्षा कपड्यांचा एक थर जास्त पुरे. जागे असताना त्वचेला त्वचा लावून छातीशी धरणे सर्वांत उत्तम.

आजींकडे लक्ष ठेवताना थरथरण्याकडे पाहा. हुडहुडी भरली आहे तोवर शरीर लढते आहे. थंडी तशीच असताना थरथर थांबली, बोलणे अडखळले, त्या गुंगीत गेल्या, तर शरीराचे तापमान 35 अंशांखाली बरेच उतरले असावे. रुग्णवाहिका बोलवा, आडवे झोपवा, ओले कपडे काढा, छाती-पोट-मान आधी ऊबदार करा. हातपाय चोळू नका: तिथले गार रक्त एकदम हृदयाकडे जाते. मद्य अजिबात नको.

प्रश्न : नळ गोठून पाइप फुटतील अशी भीती आहे. काय करावे?

उत्तर : पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. पाइप बहुधा फुटतो तो बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने. म्हणून थंडी वाढू लागली की नळ पेन्सिलीएवढ्या बारीक धारेने सोडून ठेवा. पाणी वर चढवायला वीज लागत असेल किंवा घर सोडून जाणार असाल, तर सगळे पाणी काढून टाका: मुख्य व्हॉल्व्ह बंद, सर्वांत वरचा नळ उघडा म्हणजे हवा शिरेल, सर्वांत खालचा उघडा म्हणजे पाणी उतरेल, फ्लशची टाकी रिकामी. गीझर रिकामा करण्यापूर्वी त्याचा एमसीबी पाडा. वीज अचानक आली आणि टाकीत पाणी नसले तर हीटिंग कॉइल काही क्षणांत जळते. आधी पिण्यासाठी माणशी दिवसाला 3 ते 4 लिटर भरून ठेवा. शौचालयासाठी वेगळे: 6 लिटरची बादली एकदम ओतली की फ्लश होतो.

गोठलेला पाइप उघडताना नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूकडून सुरुवात करा आणि गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळत मागे जा. ज्योत लावू नका.

प्रश्न : इन्सुलिन, आणि वडिलांचे ऑक्सिजन यंत्र?

उत्तर : थंडीत इन्सुलिनला धोका गोठण्याचा. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत हवी. खिडकीबाहेर किंवा बर्फाला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसले तरी टाकून द्यायचे. वापरात असलेले पेन अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा.

मिनिटाला 5 लिटरचे ऑक्सिजन यंत्र 300 ते 350 वॅट घेते. वरच्या हिशेबातली बॅटरी त्यावर दोन तासांच्या आत संपेल. त्यामुळे भरलेला सिलिंडर आधीच घरात हवा. किती पुरेल ते असे काढा: सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले गेजवरचा दाब बारमध्ये. 10 लिटर आणि 150 बार म्हणजे 1,500 लिटर, मिनिटाला 2 लिटरने साडेबारा तास. त्या खोलीत मेणबत्ती, काडेपेटी काहीही नको. वीज कंपनीकडे रुग्णाची आगाऊ नोंद करता येत असेल तर आजच करा.

प्रश्न : फ्रीजमधले किती वेळ टिकते?

उत्तर : दार न उघडता फ्रीज 4 तास, गच्च भरलेला फ्रीजर 48, अर्धा भरलेला 24. अन्न उघड्यावर ठेवण्यापेक्षा बाहेर बाटल्यांत चार बोटे जागा सोडून पाणी गोठवा आणि त्या बाटल्या फ्रीजमध्ये आणा. ऊन पडले की बाहेरचा डबा तापतो, शिवाय प्राणी येतात. दूध, मांस, शिजवलेले अन्न 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिले असेल तर टाका. चव घेऊन ठरवू नका. फ्रीजरमधल्या पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवता येतो.

प्रश्न : वीज आली, पण हॉलमधले दिवे डोळे दिपावेत इतके प्रखर आणि स्वयंपाकघरातले मिणमिणते. थोड्या वेळात सुधारेल का?

उत्तर : मेन स्विच ताबडतोब पाडा. ही खूण न्यूट्रल तुटल्याची आहे. थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथले व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेने चढते. त्यात फ्रीज, टीव्ही, चार्जर मिनिटभरात जळतात, आगही लागते. वीज कंपनीला ‘न्यूट्रल गेला आहे’ याच शब्दांत कळवा, म्हणजे तक्रार योग्य माणसाकडे जाईल.

हे टाळायला वीज गेल्याबरोबर फ्रीज, टीव्ही, संगणक, पंप यांच्या पिन काढा आणि एकच दिवा चालू ठेवा. तो लागला की दहा मिनिटे त्याचा उजेड स्थिर आहे ना ते पाहा, मग एकेक उपकरण लावा, फ्रीज सर्वांत शेवटी. अंगणात तार पडलेली दिसली तर वीज गेलेली असली तरी 10 मीटरच्या आत जाऊ नका. ती कोणत्याही क्षणी, कुणाच्या तरी जनरेटरवरूनही, जिवंत होऊ शकते. नकळत जवळ गेलाच असाल तर पावले उचलू नका. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवर घासत, बोट-बोट मागे सरका.