शाई तळाला गेली की पेन डाग का टाकतं?

प्रश्न : आजोबांचं काळं एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन सापडलं, ड्रॉपरने शाई भरायचं. मस्त चालतं, पण शाई संपत आली की लिहिता लिहिता टपकन थेंब पडतो. निब बदलू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : निबला हात लावू नका हो! ती बिचारी निर्दोष आहे, सगळा खेळ हवेचा आहे. ड्रॉपरवाल्या पेनात अख्खी नळीच शाईची टाकी, शाई कमी झाली की वरची जागा हवेने भरते, मग हाताची ऊब लागली की ती हवा फुगते आणि शाईला ढकलते, शाई जाणार कुठे, निबमधूनच बाहेर. बोरू आणि टाकवाल्यांना ही भानगडच नव्हती, त्यांची शाई दौतीत.

निबखालची जीभ काढून बघा, तिच्यावर बारीक खाचा दिसतील. शाई बाहेर येते तशी तिच्या जागी हवा आत जावी लागते, दोन्हीची वाट तिथूनच. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनचं 1884 चं पेटंट अशा खाचांच्या जिभेचंच. (विम्याच्या कागदावर शाई सांडली म्हणून त्याने पेन बनवलं ही गोष्ट मात्र मला जाहिरातवाल्यांची वाटते.) जास्तीची शाई धरून ठेवायला पुढच्या पेनांच्या जिभेला आडव्या चिरा भरपूर आल्या, जुन्या जिभेला बहुतेक वेळा त्या नसतात नाहीतर अगदीच थोड्या.

म्हणून एक तृतीयांश शाई उरली की लगेच भरा, खिशात निब वर करूनच ठेवा, आणि नळी जिथे फिरवून बसते त्या आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा म्हणजे तिथून गळणार नाही. धुवायला साधं पाणी, गरम नको, एबोनाइट विटतं. आणि ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई तर चुकूनही भरू नका, तिच्यात बऱ्याचदा शेलॅक (म्हणजे लाख) असतं, वाळलं की जीभ चोंदली म्हणून समजा.

प्रश्न : फाउंटन पेनने मुलीचं अक्षर सुधारेल का?

उत्तर : नुसत्या पेनने नाही सुधारत, पण दाबून लिहायची सवय सुटू शकते. बॉलपेनची शाई घट्ट, गोळी फिरायला दाब लागतो, इथे निब नुसती टेकली की शाई उतरते. मुलगी डावखुरी असेल तर बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई घ्या, नाहीतर तळहात रोज निळा.