जॅट्समधली पहिली फाइल करताना

जॅट्स म्हणजे नियतकालिकांतले लेख संगणकाला कळतील असे मांडायची प्रमाण पद्धत; त्यात लेखाच्या प्रत्येक भागाला तो काय आहे हे सांगणारी खूण, म्हणजे टॅग, लावतात. अख्ख्या लेखाला टॅग लावायला बसलात तर पहिल्याच दिवशी दमाल. जॅट्समध्ये शेकडो टॅग आहेत. तुम्ही आत्ता फक्त 'आर्टिकल-मेटा' हा भाग धरा: शीर्षक, लेखक, तारीख, खंड, अंक, पानं आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक). संदर्भसूचीला इतक्यात हातच लावू नका.

सगळ्यात जास्त चुका नावांत होतात. आडनाव 'सरनेम'मध्ये आणि बाकीचं 'गिव्हन-नेम्स'मध्ये जातं. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तेही गिव्हन-नेम्समध्येच, स्वतःच्या नावानंतर. मूळ अंकात आडनाव आधी छापलेलं असेल तर उलटापालट हमखास होते, म्हणून एकेक नाव छापील पानाशी ताडून बघा. डॉ., प्रा. त्यात मिसळू नका. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, १६ अंकी क्रमांक लेखकाकडूनच मागा. स्वतः शोधून लावलात तर त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा लागू शकतो, आणि मग लेखाचं श्रेय भलतीकडे जातं. मला ही चूक सर्वांत गंभीर वाटते.

बाकी थोडक्यात:

- शीर्षकातलं '&' तसंच टाकलं तर फाइल मोडते. त्याचा ठरलेला संकेत '&' वापरा.
- फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच (एन्कोडिंगमध्ये) साठवा.
- दिवस छापलेला नसेल तर तो टॅग वगळा. मनानं १ तारीख घालू नका.

प्रत्येक फाइल व्हॅलिडेटरमधून काढाच. पण तो फक्त रचना तपासतो. २०१९ च्या जागी २०९१ पडलं तर ते तुमच्याच डोळ्यांना दिसायला हवं.

पहिले पाच लेख झाले की दाखवा, आपण एकत्र बसून बघू.