संशोधनातल्या शिकवायच्या पद्धतींनी मागं पडलेल्या पोरांना खरंच फायदा होतो का, का ते नुसतं ट्रेनिंगपुरतंच?

होतो, पण सगळ्याच पद्धतींनी नाही. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, आमच्याकडं जे चाललं तेवढंच सांगतो.

सगळ्यात फुकटातली गोष्ट म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसणं. मेरी बड रो म्हणून अमेरिकेतल्या एक संशोधक होत्या, त्यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की मास्तर लोक प्रश्न टाकल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी तोंड न उघडणारी पोरंबी बोलतात. तीन सेकंद लई वाटतात बरं का, मनात मोजून बघा. आमच्या तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, प्रश्न मराठीत ऐकायचा, समजून घ्यायचा, परत मराठीत जुळवायचं, तोवर पुढच्या बाकावरच्यानं उत्तर ठोकून दिलेलं असतंय. म्हणून मी हात वर करणं बंदच केलंय. आधी शेजारच्याशी बोला, मग डब्यातून नावाची चिठ्ठी निघंल त्यानं सांगायचं.

दुसरं म्हणजे इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणं गट. ऊसतोडीला जाणारी पोरं दिवाळीनंतर जातात ती मार्च-एप्रिलात येतात, त्यांना थेट पाचवीचे अपूर्णांक दिले आणि हातच्याची वजाबाकीच येत नसली तर ते पोरगं नुसतं फळ्यावरचं उतरवून घेणार. बॅनर्जी-डुफ्लो यांनी, 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच, ‘प्रथम’ नावाच्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा मुंबई आणि वडोदऱ्यात अभ्यास केला, त्यात वस्तीतल्याच मुली मागं राहिलेल्या पोरांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन पायाचं वाचन-गणित शिकवायच्या. गुण वाढले आणि जास्त फायदा तळातल्या पोरांनाच झाला.

फक्त गट दिवसभर ठेवू नका, एखादा तास बास, आणि महिन्याला परत तपासून पोरं हलवत रहा, नाहीतर तो गावभर ‘ढ गट’ होऊन बसतो अन् पालक भांडायला येतात ते वेगळंच.

आणि ते ‘हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ असं पोरांचं वर्गीकरण करायला लावतात ना, त्याला काही भक्कम पुरावा नाही, त्यात वेळ घालवू नका.

तुमचा वर्ग कितवीचा ते कळवा, पहिली-दुसरी असंल तर चिठ्ठ्यांचं जरा वेगळं करावं लागतंय.