तेल काढायला एकट्याने बसू नका

(वाचकांचे प्रश्न : कारखान्यातील सुरक्षितता)

जून-जुलैची मासेमारी बंदी संपत आली की किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्यांत यंत्रं पुसायला घेतात, आणि त्याच सुमारास माझ्याकडे अमोनियाबद्दलची, म्हणजे तिथे थंडावा करणाऱ्या गॅसबद्दलची, पत्रं येऊ लागतात. माझी नोकरीची सगळी वर्षं अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांत, दूध डेअऱ्यांत आणि बर्फ कारखान्यांत गेली. त्यामुळे यावेळचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : सर, मी बर्फ फॅक्टरीत ऑपरेटर आहे. आठवड्यातून एकदा रिसिव्हरखालून (द्रव अमोनिया साठवणाऱ्या भांड्याखालून) तेल काढावं लागतं. रात्रपाळीला मी एकटाच असतो. वॉल्व थोडा उघडून खाली बादली लावतो. कधी तेल येतच नाही, मग वॉल्व जास्त उघडावा लागतो. मालक म्हणतात, इतकी वर्षं असंच चाललंय. हे बरोबर आहे का?
– एक ऑपरेटर, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही, अजिबात बरोबर नाही. तुमच्या पत्रातलं ‘तेल येतच नाही, मग जास्त उघडतो’ हे वाक्य वाचून मी तुमचं पत्र सगळ्यात वर घेतलं.

तिथे आत काय होतं ते सांगतो. कॉम्प्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर पुढे वाहत जातं. ते द्रव अमोनियापेक्षा जड असल्यामुळे भांड्याच्या तळाशी बसतं. थंडाव्याच्या बाजूला ते काकवीसारखं घट्ट होतं आणि पाइपात अडकतं. तुम्ही वॉल्व अर्धा फेरा उघडता, काही येत नाही. आणखी एक फेरा देता, तरी नाही. मग एकदम तो गठ्ठा सुटतो. बादलीत चार-दोन पळ्या काळपट तेल पडतं, लगेच फेस येतो, पाइपावर पांढरा बर्फ धरतो, आणि त्यामागून द्रव अमोनियाची धार येते. एक लिटर द्रवाचा साडेआठशे लिटरच्या आसपास गॅस होतो. डोळे मिटतात, श्वास कोंडतो, आणि वॉल्व तर तुम्हीच चांगला मोकळा उघडून ठेवलेला असतो. तो बंद करायला हात पुढे जात नाही. माझ्या पाहण्यातले अमोनियाचे सर्वांत वाईट अपघात मोठ्या स्फोटांचे नव्हते. ते असेच, नेहमीच्या कामात, तेल काढताना झालेले होते.

तुमच्या मालकांना तीन गोष्टी सांगा. माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

पहिली गोष्ट, भांड्याखाली ऑइल पॉट बसवून घ्या. तेल आधी या छोट्या भांड्यात उतरवायचं, मग मोठ्या भांड्याकडचा वॉल्व बंद करायचा आणि पॉटची वरची लाइन सक्शनकडे, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढून घेतो त्या बाजूला, उघडी ठेवायची. तेलात राहिलेला अमोनिया उकळून सक्शनमध्ये निघून जातो. पॉटवरचं दव-बर्फ वितळून पॉट हाताला खोलीइतका कोमट लागला, की आत फक्त तेल उरलं असं समजायचं. मग सक्शनची लाइन बंद करून तेल काढायचं. वेळ लागतो, हे खरं. तो वेळ द्यायचाच.

दुसरी गोष्ट म्हणजे निचऱ्याच्या तोंडाशी हात सोडला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा वॉल्व, नेहमीच्या वॉल्वच्या पुढे. त्याची मूठ तारेने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. तसं करणं म्हणजे तो वॉल्व काढून फेकण्यासारखंच आहे. उघड्या वॉल्वजवळून चहाला, फोनला, कशालाही उठायचं नाही.

तिसऱ्या गोष्टीवर तर मी अडूनच बसेन. दोन माणसं हवीत. एक काम करणारा, दुसरा दारात, जिथून पहिला दिसतो तिथे, पाण्याचा पाइप चालू ठेवून. तेल दिवसपाळीतच काढायचं. दोघांना गॉगल, रबरी हातमोजे आणि अमोनियाचा हिरव्या पट्ट्याचा कॅनिस्टर (गॅस शोषणारा डबा) असलेला पूर्ण चेहऱ्याचा मास्क. धुळीचा मास्क किंवा नाकावरचा रुमाल इथे उपयोगाचा नाही. कॅनिस्टरवरची मुदत बघा. सील फोडून वर्षभर खुंटीला टांगलेला कॅनिस्टर बदलायलाच हवा. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि कॅनिस्टरचा मास्क घालून भरलेल्या गॅसमध्ये शिरायचं नाही. तो बाहेर पळण्यापुरता आणि किरकोळ वासापुरता आहे. आत जायचंच असेल तर पाठीवर हवेचा सिलिंडर हवा, आणि ते काम शिकलेल्या माणसाचं. आत कुणी पडलेला दिसला की पाय आपोआप आत वळतात, मला ठाऊक आहे. पण तसाच गेलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो, आणि बाहेर काढायला मग दोघे असतात.

आठ तासांच्या कामासाठी हवेत २५ पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) अमोनिया चालतो असं धरतात. ३०० पीपीएमला जिवाला धोका समजतात. वास येतोय म्हणजे कळतंय, असं मानून थांबू नका. रोज थोडा वास घेणाऱ्याच्या नाकाला त्याची सवय होते. ग्लँड (वॉल्वच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) किंवा जोड गळतोय का हे गंधकाची काडी पेटवून बघा, गळतीजवळ पांढरा धूर दिसतो. ओला लाल लिटमस कागद निळा होतो, तोही चांगला.

प्रश्न : आमच्या ब्राइनच्या (बर्फ धरणाऱ्या खारट पाण्याच्या) टाकीला हल्ली उग्र वास येतो. त्यातली अमोनियाची कॉइल (नळ्यांचं वेटोळं) जुनी आहे. सीझन तोंडावर आहे, तो संपल्यावर कॉइल बदलू असा विचार आहे. चालेल का?
– एक भागीदार, बर्फ कारखाना

उत्तर : तुम्हाला कॅनडातली एक गोष्ट सांगतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नी नावाचं गाव आहे. तिथल्या बर्फाच्या स्केटिंग रिंकखाली तुमच्याकडे आहे तशीच व्यवस्था होती, अमोनिया ब्राइनला थंड करायचा आणि ब्राइन बर्फ धरायचं. ब्राइन थंड करणारा चिलर जुना होता आणि त्याच्या नळीला बारीक भोक पडून अमोनिया ब्राइनमध्ये उतरत होता. हे २०१७ च्या वसंतात, सीझन संपताना, लक्षात आलं होतं. तरी नव्या सीझनला तोच चिलर परत सुरू झाला. १७ ऑक्टोबर २०१७ ला ब्राइनच्या लाइनचा जोड सुटला, यंत्रखोलीत अमोनिया भरला आणि तिथे काम करणारे तीन जण मरण पावले.

तेव्हा ‘सीझन संपल्यावर’ हा विचार सोडून द्या. ब्राइनचे पाइप आणि जोड अमोनियाच्या दाबासाठी बनवलेले नसतात, खरा धोका तिथे आहे. आजच बाटलीभर ब्राइन काढून उघड्या हवेत जरा गरम करा आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. निळा झाला तर अमोनिया उतरतोय. मग प्लँट थांबवा, रेफ्रिजरेशनच्या जाणकाराकडून पंप डाउन करून गॅस रिसिव्हरमध्ये घ्या, कॉइल वेगळी करा आणि दाबाची चाचणी करून घ्या. चार दिवस लाद्या निघणार नाहीत, होड्यांना बर्फ बाहेरून आणावा लागेल, तुमचं नुकसान होईल. ते सोसा.

प्रश्न : महोदय, आमचं घर बर्फ कारखान्याच्या मागेच आहे. मागे एकदा रात्री गॅस सुटला तेव्हा सगळे रस्त्यावर धावले. सासूबाईंना दमा आहे, लहान मुलगी आहे. अशा वेळी नेमकं काय करावं?
– एक वाचक भगिनी, रायगड जिल्हा

उत्तर : ताई, आधी वारा बघायचा. अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवरूनही कळतो. गॅस ज्या दिशेने सरकतोय त्याच दिशेने त्याच्या पुढे पळू नका, वाऱ्याला आडवं जा. ओला रुमाल नाकातोंडावर धरा. अमोनिया पाण्यात भराभर विरघळतो, म्हणून गळतीपासून लांब जाईपर्यंत तेवढी मदत होते. अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर जातो असं तुम्ही ऐकलं असेल. पण द्रव सुटला की थंडगार धुकं होतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते जमिनीलगत बराच वेळ सरकतं.

बाहेर पांढरं धुकं दिसत असेल आणि वाट त्यातूनच असेल, तर बाहेर पडू नका. दारं-खिडक्या लावा, पंखा, एसी, एक्झॉस्ट बंद करा, दाराच्या फटीला ओले टॉवेल लावा. सासूबाईंना आणि मुलीला घेऊन न्हाणीघरात बसा, दार लावून शॉवर चालू ठेवा. ११२ किंवा १०१ ला फोन करा, ‘अमोनिया’ हा शब्द आणि कारखान्याचं नाव स्पष्ट सांगा. दम्याच्या माणसाला थोडाही त्रास झाला तर १०८ ची गाडी मागवा. आवाज बसला, घशात घरघर लागली, तर बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण घसा आणि फुप्फुसं नंतर सुजू शकतात.

डोळ्यांत गेला तर पाणी, लगेच आणि भरपूर. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी, मूल कितीही रडलं तरी. अमोनिया आम्लासारखा वरवर भाजत नाही, आत उतरत जातो, म्हणून एकेक मिनिट मोलाचं आहे. लिंबू, व्हिनेगर, तूप, मलम यातलं काही लावायचं नाही. कपडे अंगाला चिकटून गोठले असतील तर ओढू नका, आधी पाणी ओता, सुटले की काढा.

आणि गॅस सुटायच्या आधीच शेजारी मिळून कारखान्याकडे जा. भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय, रात्री फोन कुणाला करायचा, एवढं लिहून मागा. दाद दिली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न : गळका वॉल्व तातडीने बदलायचा आहे. बाजारात पितळी मिळतोय, तात्पुरता बसवू का?
– एक मेकॅनिक, गोवा

उत्तर : नको, एका दिवसासाठीही नको. ओला अमोनिया तांबं आणि पितळ खातो. पितळाला चिरा जातात आणि ते दाबाखाली फुटतं. वॉल्व पोलादाचाच घ्या, आणि प्रेशर गेजही अमोनियाचा, आतली नळी पोलादी असलेलाच. नवा येईपर्यंत तेवढी लाइन रिकामी करून बंद ठेवा, फक्त दोन बंद वॉल्वच्या मधे द्रव अमोनिया कोंडून ठेवू नका, तो उन्हाने फुगला की पाइपच फोडतो.